क्रूस वाकडा झालाय

आमच्या पुढच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, सागाचा एक क्रूस आहे. तो मी केला आणि मीच ठोकला. भातगिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या मोडक्या चौकटीचं लाकूड मी घरी आणलं होतं, त्याचा. मी काही सुतार नाही. पण गिरणीत मशीन सूतभर तिरकं बसलं तर पट्टा उतरतो, आणि उतरलेला पट्टा माणसाचा हात घेऊन जातो. तेव्हा सरळ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. क्रूस लावताना मी ओळंबा सोडला, दोरा थांबेपर्यंत थांबलो, मग वरखाली दोन खिळे मारले.

म्हणून मागच्या आषाढात बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, क्रूस वाकडा झालाय, जरा सरळ करा," तेव्हा मला राग आला.

"कुठे वाकडा?"

"मधे. पोटात वाकलाय."

"लाकूड पोटात वाकतं का कधी?"

"पावसाने फुगलं असेल."

मी ट्रंकेतून ओळंबा काढला, क्रुसाशेजारी धरला. दोरा आणि लाकूड एकाच्या अंगाला एक. "आता बघ," म्हटलं. तिने बघितलं, पण क्रुसाकडे नाही. बाजूच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, "असेल." आणि आत गेली.

तिथून सुरू झालं. त्या पावसाळ्यात माझी बायको माझ्यासमोर बसल्या बसल्या कुठेतरी जात होती. कुठे जाते ते मला कळत नव्हतं, आणि ती परत येईल की नाही तेही कळत नव्हतं. दुसरं कसलंच भय मला नव्हतं. पेन्शन नाही, गुडघा दुखतो, पत्रे गळतात, त्याचं मी कधी काही मनावर घेतलेलं नाही.

तिच्या आईचं मला माहीत होतं. नगरकडच्या गावातली बाई, चांगली खंबीर. म्हातारपणी तिचं डोकं गेलं. आधी कुणाला ओळखेना, मग जिथे कुणी नाही तिथे बघत बसायला लागली. एकदा भरदुपारी पाण्याला म्हणून विहिरीवर गेली. घागर काठावर राहिली. तिला वर काढताना मी जावई म्हणून दोर धरायला होतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

घर आमचं जुन्या पनवेलात, गाढी नदीच्या अंगाला. मागचं दार उघडलं की चार पावलं उतार आणि खाली नदी. उन्हाळ्यात ती नदी आहे असं सांगायला लागतं. पावसात ती स्वतः सांगते. रात्रंदिवस तिचा आवाज मागच्या दाराने घरात येतो, आणि भरतीच्या वेळी खाडीचं पाणी खालून रेटायला लागलं की तो आवाज बदलतो, जड होतो. माझा जन्म गिरणीत गेला. तिथे माझं काम कानाचं होतं. सगळी यंत्रं चालू असताना कुठल्या पट्ट्याला चीर गेली, कुठे भाताबरोबर खिळा आत आला, ते मी डोळे मिटून सांगायचो. कानावर माझा भरवसा होता. 

आमच्या घरात दिवेलागणीला प्रार्थना होते. माझ्या बापापासूनची रीत. आधी एक गीत, मग शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय, मग प्रार्थना. गीत मी धरतो, प्रार्थना मी करतो. वाचते ती. मी दुसरीपर्यंत गेलो. मला वाचता येतं, बसची पाटी, विजेचं बिल, मथळे. लिहितोही, बोलल्यासारखं. पण शास्त्र मोठ्याने वाचायचं म्हणजे मला जोडाक्षरात पाय अडकतो. ती सातवी झालेली. घरात ज्याला जे येतं ते त्याने करायचं, यात लाजण्यासारखं मला काही वाटलं नाही.

चर्चमध्येही ती माझी सोय करते. पुढच्या रविवारचं वचन पाळकसाहेब आदल्या रविवारी सांगून ठेवतात. शनिवारी ती माझ्या शास्त्रात त्या जागी लाल फीत घालते. आमच्यात पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या. वचन वाचायची वेळ आली की मी उभा राहतो, फितीवर उघडतो, बोट ठेवतो आणि सगळ्यांबरोबर म्हणतो. लग्न झाल्यापासून माझी जागा कधी चुकली नाही.

श्रावणात एका संध्याकाळी तिने अंधाऱ्या दरीचं स्तोत्र वाचलं. मेंढपाळाचं म्हणतात ते. गोड आहे, पण आमच्याकडे घरच्या प्रार्थनेत ते सहसा कुणी काढत नाही. ते प्रेतापुढे वाचतात, पेटी उचलायच्या आधी. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच वाचलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग रोज कुणाची मयत काढतेस?"

"वचन आहे ते. वचनाला काय भ्यायचं?"

"भितोय कोण? शास्त्र एवढं जाडजूड आहे, दुसरं काही सापडत नाही का तुला?"

"तुम्हाला दुसरं पाहिजे तर तुम्ही वाचा," ती म्हणाली.

मग रोज तेच. बाहेर पाऊस, मागे नदी, आणि आत ते स्तोत्र. मी कान देऊन ऐकायला लागलो. आणि मला एक गोष्ट कळली. तिचं वाचणं बदललं होतं. पूर्वी वाचताना ती मधे अडायची, ओळ संपली की श्वास घ्यायची, पान उलटताना बोट ओलं करायची. आता अडणं नव्हतं, पान नव्हतं. पदर डोक्यावर ओढून, मान खाली घालून, ती एका दमात बोलायची, जसं समोर कुणी बसलंय आणि त्याला सांगतेय. आणि तो समोरचा मी नव्हतो. माझ्या कानाने मला सांगितलं, हे वाचणं नाही, हे बोलणं आहे. तिची आईसुद्धा शेवटी शेवटी अशीच बोलायची.

माझ्याशी बोलताना ती माझ्याकडे बघेना झाली. माझ्या कानाच्या बाजूने, खांद्याच्या मागे बघायची. तिथे कुणीतरी उभं आहे आणि त्याचा मान ठेवून ती माझ्याशी बोलतेय असं. मी एकदोनदा मागे वळून पाहिलं. मागे भिंत.

एक दिवस जेवताना माझ्या दाताखाली खडा आला. तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण मी भातगिरणीतला माणूस, आणि माझ्या ताटात कधी खडा आला नव्हता. ती तांदूळ निवडायची म्हणजे दाणा न् दाणा बघायची. मी खडा ताटाच्या कडेला ठेवला. तिने बघितला नाही. दुसरा आला, तोही ठेवला. ती माझ्या मागच्या भिंतीला म्हणाली, "भात वाढू का अजून?"

शेजारी एक कोकणी मुसलमान राहतो, माझ्याच वयाचा. कुवेतला रंगारी होता. आता दाराशी खुर्ची टाकून येणारा-जाणारा मोजतो. तो मला मिस्तरी म्हणतो, मी त्याला भाई म्हणतो. भाद्रपदातली गोष्ट, मी दूध घेऊन येत होतो, त्याने बोलावलं.

"मिस्तरी, भाभी नाराज हायत काय आमच्यावर?"

"का हो?"

"सकाली सलाम केला. ह्या इथं, हाताच्या अंतरावर. जबाब दिला त्यांनी, नाय असं नाय. पन कुनाला दिला? त्या बंद शटरला."

"घाईत असेल."

"शटरला हसून दिला, मिस्तरी." मग त्याने खुर्ची जवळ ओढली. "बुरा मानू नका. आमच्यात एक बुजुर्ग हायत, पानी फुंकून देतात. जाऊन या एकदा."

"आम्ही असलं मानत नाही."

"नका मानू. पानीच तर हाय."

"पाणी आमच्याकडे पुष्कळ आहे. मागच्या दाराशी वाहतंय."

तो हसला नाही. "तेच म्हनतो मी," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी मी मागच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली करगोट्याला बांधली. नदी चढलेली होती, पाणी उताराच्या दुसऱ्या दगडाला लागलं होतं, गढूळ, झाडं वाहून आणणारं. दुपारी ती भांडी घेऊन दाराशी गेली. मी पुढच्या खोलीत होतो, मला कडी हलवल्याचा आवाज आला, मग हात लाकडावरून खाली फिरल्याचा, मग कुलूप चाचपल्याचा.

"दार का बंद आहे?"

"नदी चढलीय."

"नदी कुलपाने थांबते वाटतं?"

ती मोरीत भांडी घासत बसली आणि भांडी आपटायचा आवाज मला बरा वाटला, कारण रागावणारं माणूस अजून घरात असतं.

पाऊस संपला. माळावरचं गवत पिवळं पडलं. आमच्या मंडळीत त्या सुमाराला हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं चर्चमध्ये आणतात, भोपळे, केळीचे घड, कुणी कोंबडा, आणि उपासना झाल्यावर त्याचा लिलाव होतो. आमची जमीन नाही, पण ती दरवर्षी नवा तांदूळ विकत घेऊन, निवडून, सुपात हळदीकुंकवाच्या डब्याएवढी रास करून नेते. यंदा मला म्हणाली, "निवडायचं तुम्ही बघा, माझी पाठ दुखते." मी निवडला. तिने रास केली, ती कलली. पुन्हा केली. मग तशीच नेली.

वचनाची वेळ आली. मी उभा राहिलो, फितीवर शास्त्र उघडलं, बोट ठेवलं, सगळ्यांबरोबर सुरू केलं. माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी असतात. त्यांनी माझ्या पानावर नजर टाकली आणि ते वाचायचे थांबले.

"मिस्तरी," ते कानाशी म्हणाले, "हे काय काढलंत?"

"का?"

"हे उजाड झालेल्या नगराचं रडगाणं आहे. आज हंगामाचं वचन."

मी पान उलटलं. पुढे उलटायचं की मागे ते मला माहीत नव्हतं. गुरुजींनी सभ्यपणाने स्वतःचं शास्त्र माझ्यापुढे सरकवलं, आणि ते मला जास्त लागलं. मी बायकांच्या बाजूला बघितलं. ती उभी होती, शास्त्र उघडं, ओठ हलत होते, आणि तोंड खिडकीकडे. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. नुसतं ऊन.

घरी आल्यावर मी विचारलं, "फीत कुठे घातलीस?"

"घालायची तिथे."

"रडगाण्यात घातलीस. सगळ्यांदेखत."

तिने सूप खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, "तेच आलं असेल हाताला."

माझ्या मनात होतं, की शास्त्रात एवढी पानं असताना हिच्या हाताला रोज मरण तरी येतं नाहीतर रडणं तरी. आपोआप कसं येईल? मी रोज प्रार्थना करत होतो, पण त्या आठवड्यात माझी प्रार्थना छताला लागून खाली यायची.

मुलगी आमची द्रोणागिरीला असते, जावई तिकडे गोदामात आहे. ती आली. आल्याआल्या तिने मागचं दार पाहिलं.

"बाबा, कुलूप कशाला?"

"उंदीर येतात."

"उंदीर कडी काढतात?" मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "आईला डॉक्टरला दाखवू या."

"कसल्या?"

"आधी साध्या."

"डोक्याच्या म्हण ना. तुझ्या आजीलाही आधी साध्यालाच दाखवलं होतं. मग सगळ्या गावात झालं."

"आईचं डोकं ठीक आहे, बाबा. परवा फोनवर माझ्या लहानपणीचा शाळेचा फ्रॉक कुठल्या रंगाचा होता ते तिने सांगितलं. पण काहीतरी बिघडलंय. नाहीतर मी तिला माझ्याकडे नेते थोडे दिवस."

"माझ्या घरातून ती कुठे जाणार नाही."

आतून बायकोचा आवाज आला, "मेल्यावर बोला असं. आता ऐकू येतं मला."

मुलगी हसली. मीही हसायला पाहिजे होतं. मुलगी गेल्यावर मी कुलूप ओढून पाहिलं. नदी उतरली होती, गुडघाभर पाणी नव्हतं, तरी मी कुलूप काढलं नाही. मला हट्टी म्हणतात. म्हणोत. दोर मी धरला होता, त्यांनी नाही.

नाताळ जवळ आला. आगमनाचे रविवार सुरू झाले, गल्लीत एकदोन घरांवर चांदण्या लागल्या. थंडी पडायला लागली होती, पंखा बंद असायचा. घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येई.

तशाच एका संध्याकाळी आम्ही बसलो. गीत झालं. तिने पदर ओढला, शास्त्र मांडीवर उघडलं आणि सुरू केलं. तेच. दोन वाक्यं झाली असतील आणि वीज गेली. आमच्या घरातली, गल्लीतली, पलीकडच्या उंच इमारतींचीही. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

मी वाट बघितली ती थांबेल म्हणून. ती थांबली नाही.

ती वाचत राहिली. त्याच आवाजात, त्याच दमात, शब्द न् शब्द. अंधाऱ्या दरीच्या ठिकाणी आली आणि तिथूनही चालत पुढे गेली. समोर तिचं तोंड नाही, शास्त्र नाही, नुसता आवाज. मी आयुष्यात भुताखेताला मानलं नाही, आमच्या घरात ते शिकवलेलंच नाही. पण त्या वेळी मला वाटलं की ही वाचत नाही, हिच्या तोंडून दुसरं कुणी वाचतंय, आणि ते ज्याच्यासाठी वाचायचं तो माणूस या घरातलाच आहे.

तिने शेवटपर्यंत म्हटलं. आमेन म्हटलं. मग म्हणाली, "चला, करा प्रार्थना."

मी काळोखात हात पुढे करून तिच्या मांडीवरचं शास्त्र चाचपलं.

"अहो?"

"दिवे गेलेत," मी म्हटलं.

घड्याळ ऐकू येत होतं.

"केव्हा?" ती म्हणाली.

"तू वाचत होतीस तेव्हा."

तिने शास्त्र मिटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मला दिसत नाही."

"कुणालाच दिसत नाही. दिवे गेलेत."

"तसं नाही. दिवे असले तरी दिसत नाही. डोळे मिटून म्हणते मी. उघडे ठेवले की अक्षरं वाकडी होऊन वळवळतात, मग पाठ असलेलंही विसरायला होतं."

मी काड्यापेटी शोधली, मेणबत्ती लावली, तिच्या तोंडापुढे धरली. ती माझ्या कानाच्या बाजूला बघत होती.

"ही दिसते?"

"कडेने दिसते. सरळ बघितलं की जाते. मधे कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं आहे."

"आणि मी?"

"तुमचे कान दिसतात. टोपी दिसते. तोंड नाही दिसत. आषाढापासून नाही."

मेणबत्तीचं मेण माझ्या बोटावर पडलं ते मला नंतर कळलं.

"मग रोज तेच स्तोत्र?"

"तेवढंच पुरं पाठ आहे. किती माणसं पोचवली आपण, दर वेळी ऐकलं. बाकीची अर्धीअर्धी येतात. अर्ध्यात अडले असते तर तुम्हाला कळलं असतं."

"कळलं असतं तर काय झालं असतं?"

"वाचलं कुणी असतं?" ती म्हणाली.

मी उठलो, मागच्या दाराचं कुलूप काढलं. गार वारा आत आला.

"आईसारखी जाईन वाटलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"हो."

"विचारायचं तरी."

"तू सांगायचं तरी."

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप चांगली लागली. डोकं शाबूत आहे, मग डोळ्याचं काय एवढं? मोतीबिंदू असेल, काढतात, चष्मा देतात. आमच्या मंडळीत निम्म्या म्हाताऱ्यांचे काढलेले आहेत. माझ्या कानाने जे सांगितलं ते खोटं निघालं याचा मला आनंदच झाला होता.

मुलगीच आम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीण तरुण होती. तिने थेंब घातले, दिव्यातून बघितलं, पुन्हा बघितलं. मग विचारलं, "आजी, सरळ रेषा वाकड्या दिसतात का? दाराची चौकट, विजेचा खांब?"

बायकोने तोंड माझ्याकडे वळवलं, म्हणजे माझ्या कानाकडे. "मी सांगितलं होतं यांना," ती म्हणाली, "क्रूस वाकडा झालाय."

मी फरशीकडे बघत राहिलो. फरशी सरळ होती.

मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या आत पडदा असतो, त्याचा मधला भाग खराब झालेला. उजव्यातला मेला आहे, डॉक्टरीण म्हणाली, तो आता परत येत नाही. डाव्यात पाणी भरतंय. डोळ्यात सुया द्याव्या लागतील, उतरलं तर थोडं दिसेल.

"उतरेल ना?" मी विचारलं.

"प्रयत्न करू, आजोबा. जरा आधी आला असतात तर..." पुढचं तिने गिळलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. दार मी लावलं ते बायको जगावी म्हणून लावलं, हे मी तिथेही म्हटलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

निघताना डॉक्टरणीने सांगितलं की रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा आणि डाव्याने काहीतरी सरळ बघायचं. वाकलेलं दिसलं की त्याच दिवशी यायचं. उद्या नाही, त्याच दिवशी. हा डोळा गेला की मग काही हातात राहत नाही.

डोळ्यात सुई हे मला ऐकवतही नव्हतं. ती मात्र गेली आणि देऊन आली. नाताळच्या करंज्या तिने बोटाने कड चाचपून मुरडल्या. त्याच दिवसांत पनवेलजवळचा नवा विमानतळ सुरू झाला आणि आमच्यावरून विमानं जायला लागली. पहिलं खालून गेलं तेव्हा ताटं थरथरली आणि ती छताकडे बघून म्हणाली, "आता हे काय नवीन?" पुढच्या सुईनंतर एका सकाळी ती चहा देताना थांबली, आणि तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे. कानाकडे नाही.

"किती म्हातारे झालात हो," ती म्हणाली.

"तू काय तरणी राहिलीस?"

"मला माझं दिसत नाही अजून," ती म्हणाली आणि हसली.

आता संध्याकाळी मी वाचतो. बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून. चार ओळींना जेवण निवतं. ती ऐकते, घाई करत नाही, आणि मी जोडाक्षराशी थांबलो की ती गालात हसू धरून बसते ते मला कळतं. फीतही मीच घालतो. चर्चमध्ये पुढे येऊन वाचा म्हणून पाळकसाहेब म्हणाले, मी नाही म्हटलं. घरात वाचतो तेवढं पुरे. मला माझी जागा माहीत आहे.

आणि रोज सकाळी क्रूस. ती दारात उभी राहते, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवते आणि समोर बघते.

"सरळ?"

"सरळ."

मग मी अंघोळीला जातो. एवढंच. पण ते एक उत्तर येईपर्यंत माझा चहा तसाच राहतो.

आता ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. ऊन कडक झालंय, नदी आटून दगड उघडे पडलेत, मागचं दार दिवसभर उघडं असतं. या पंधरवड्यात मला पुन्हा काही दिसायला लागलं. तिने दोनदा कप सांडला. भाईच्या सलामाला उशिरा जबाब दिला. आणि सकाळी ती सरळ म्हणते ते लगेच म्हणते, पाठ असल्यासारखं. ज्या बाईने सगळा पावसाळा माझ्यासमोर बसून न वाचता वाचलं, तिच्या एका शब्दावर मी किती विसंबायचं? कानाने मला एकदा फसवलं होतं. यावेळी मी कानावर सोडलं नाही.

काल ती भाजीला गेली तेव्हा मी स्टूल घेतलं, क्रुसाचा खालचा खिळा उपसला आणि क्रूस कलता केला. थोडा नाही, चांगला बोटभर, आंधळ्यालाही कळावा इतका. मी सरळ ठोकलेली वस्तू मी स्वतःच्या हाताने वाकडी केली. प्रभू समजून घेईल असं मनात म्हटलं, पण त्याच्याकडे वर बघितलं नाही.

आज सकाळी ती दारात उभी राहिली. तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला.

"सरळ?" मी विचारलं.

"सरळ," ती म्हणाली. लगेच.

मी कप खाली ठेवला. "चपला घाल. दवाखान्यात जायचं."

"कशाला? सरळ आहे म्हटलं ना."

"वाकडा आहे," मी म्हटलं. "मीच केलाय काल."

वरून एक विमान गेलं, ताटं वाजली आणि थांबली. ती माझ्या कानाच्या बाजूला बघत राहिली, तिथेच, जिथे ती आषाढात बघायची. मग एक पाय पुढे करून ती उंबऱ्याशी चपला शोधायला लागली.